डाव्या बाजूचा चोरखिसा

“मास्टर, कल सुबह नौ बजे तक मेरे को एक मंत्री खडा करके चाहिये,” मुंबईचा माणूस दुकानाच्या उंबऱ्यावर घाम पुसत म्हणाला, “और वो भी एकदम भ्रष्ट.”

शाकिर मास्टरनं शिलाई मशीनचं चाक तळहातानं थांबवलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. वडनेर भोलजीत वीस वर्षं कपडे शिवताना त्यानं नवरदेव उभे केले होते, पोलीसपाटील उभे केले होते, एकदा शाळेच्या नाटकासाठी अख्खा अफजलखान उभा केला होता. मंत्री मात्र पहिलाच.

“भ्रष्ट है तो कपडा अच्छा लगेगा,” तो शांतपणे म्हणाला. “खादी लाओ. टेरीकॉट पहननेवाला अभी सीख रहा होता है.”

मुंबईचा माणूस हसत सुटला. तो सिनेमावाल्यांच्या कपड्यांचा जबाबदार माणूस होता, आणि हसण्यासारखी त्याची परिस्थिती मुळीच नव्हती. त्यांचं युनिट चार दिवसांपूर्वी गावात उतरलं होतं. हिंदी पिक्चर होता. कापसाच्या बोगस बियाण्यात पैसे खाणारा मंत्री, त्यात दोन खून, आणि तरीही लोकांनी पोट धरून हसायचं, असा काहीतरी मामला होता. सगळं सामान आलं, पण मंत्र्याच्या कपड्यांची पेटी आली नाही. टेम्पोवाल्यानं ती वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरला नेऊन उतरवली होती. आमच्या गावाच्या नावापुढं भोलजी का लावतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शूटिंग चाललं होतं शंकररावांच्या कापसाच्या जिनिंगात. शंकरराव म्हणजे तालुक्याचे पुढारी. दर निवडणुकीत ते कशावर ना कशावर निवडून येत. जिनिंग त्यांचं, बाजाराच्या रस्त्यावरचे पाच गाळे त्यांचे, आणि शाकिरचं दुकान त्यातल्याच तिसऱ्या गाळ्यात होतं. सिनेमावाल्यांना त्यांनी जिनिंगचं आवार फुकट दिलं होतं. अट एकच, पिक्चरमध्ये मंत्र्याच्या गळ्यात हार घालायचा तो त्यांनी स्वतः. नव्या कुडत्याचं माप तर त्यांनी युनिट यायच्या आधीच देऊन ठेवलं होतं.

शाकिरच्या दुकानावर पाटी होती, ‘पुढाऱ्यांचे कपडे खास शिवून मिळतील’. ती उगाच नव्हती. नांदुऱ्यापासून संग्रामपूरपर्यंत पांढऱ्या कपड्यातला कुठलाही माणूस धरा, कुडता शाकिरचाच निघायचा. खांदा बसवावा तर शाकिरनं, असं लोक म्हणत. पण पुढारी काही खांद्यासाठी येत नव्हते.

ते येत होते चोरखिशासाठी. कुडत्याच्या डाव्या अंगाला, कमरेच्या किंचित वर, शिवणीच्या आत शाकिर एक खिसा लपवायचा. त्याचं तोंड आडवं असे, वरून कापडाची जीभ असे. आत काय वाटेल ते सरकवा, बाहेरून फुगवटा म्हणून दिसायचा नाही. पहिला खिसा त्यानं शंकररावांनाच लावून दिला होता. त्यांच्या पहिल्या निवडणुकीत गर्दीत कुणीतरी त्यांचं पाकीट मारलं होतं, म्हणून. म्हणजे खिसा जन्मला तो चोरापासून वाचण्यासाठी. पुढं त्याचं काम उलटं झालं, शिलाई मात्र तीच राहिली.

या खिशाची शाकिरनं कधी वेगळी शिलाई घेतली नाही, आणि त्याबद्दल कधी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. गिऱ्हाइकाचं माप आणि गिऱ्हाइकाचा खिसा आपल्यासोबत कबरीत न्यायचा, हे त्याच्या वडिलांनी त्याला कात्री हातात देताना सांगितलं होतं. खुद्द त्याची बायको बानो, जी समोर बसून काजं करायची, बटणं लावायची, तिलाही खिशाचा पत्ता नव्हता. ते काम तो शेवटी, पाठ फिरवून करायचा.

दिवेलागणीपर्यंत दोन कुडते झाले. तिसरा सकाळी चहाच्या आधी. नऊला दहा मिनिटं असताना शाकिर गठ्ठा काखेत मारून जिनिंगात हजर झाला.

आवारात कापसाच्या ढिगापुढं मंच बांधला होता आणि गर्दी म्हणून गावातलेच शेतकरी बसवले होते. सगळ्यात पुढं निवृत्ती. दोन एकरांचा धनी, अंगानं काटकुळा, आवाजानं मात्र चार माणसांचा. त्यानं गेल्या हंगामात बीटी कपाशीच्या बियाण्याची तीन पाकिटं घेतली होती. ती बोगस निघाली. तेव्हापासून तो पावत्या घेऊन या हापिसातून त्या हापिसात फिरत होता, आणि फिरण्यात त्याला आता मजा वाटू लागली होती, असं गाव म्हणायचं. दिग्दर्शकानं गर्दीला फक्त ‘मंत्रीजी जिंदाबाद’ एवढंच ओरडायला सांगितलं. मंत्र्याचं काम करणारा नट शाकिरचा पांढराफेक कुडता घालून मंचावर आला, हात जोडले, आणि निवृत्ती ताडकन उठला.

“साहेब, थ्या बियाण्याचं काय झालं? बीटी म्हनून देल्लं अन् अळ्याईनं पुख्खा झोडला! पावत्या हायेत माह्याजवळ!”

निवृत्तीला हा नट आहे हे पक्कं ठाऊक होतं, पण पांढरा कुडता पुढं दिसल्यावर त्याला राहवलंच नाही. नटही वस्ताद. त्यानं निवृत्तीचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, “देखेंगे, देखेंगे.” दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं.

“थो नकली होता तरी मान तं हालवे,” निवृत्ती नंतर चहाच्या टपरीवर सांगत होता. “असली तं वरतं पाहातबी नाई.”

घोटाळा झाला तो दुपारच्या जेवणानंतर. नट खुर्चीवर रेलला होता. सुपारी ठेवायला जागा शोधताना त्याची बोटं कुडत्याच्या आत कुठंतरी गेली आणि तिथंच थांबली. त्यानं हळूच आत पाहिलं. सुपारीची डबी आत सरकवली. उभा राहिला, वळला, हात वर केले, दोन उड्या मारल्या. डबी कुठं दिसेना. मग त्यानं दिग्दर्शकाला अशी हाक मारली, की सगळं युनिट धावत आलं.

नेत्याचा कुडता म्हटल्यावर शाकिरचा हात आपोआप चालला होता. सिनेमातल्या मंत्र्याला खिशाची गरज नाही हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

दिग्दर्शक तर आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. त्याच्या पिक्चरमध्ये पोलीस मंत्र्याच्या घरावर धाडी घालतात, गाद्या फाडतात, विहीर उपसतात, आणि पैसा सापडत नाही. का सापडत नाही, हे त्याला इतके दिवस सुचत नव्हतं. आता सुचलं. पोलीस घर उलथंपालथं करत आहेत आणि मंत्री दारात हात जोडून उभा आहे, एवढं दाखवलं की झालं!

“साहब, ये मत दिखाना,” शाकिर त्याला बाजूला घेऊन म्हणाला. “मेरा दुकान जायेगा. मेरी जबान जायेगी.”

“अरे मास्टर, किसको पता चलेगा?” दिग्दर्शकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. “ये तो पिक्चर है.”

शंकरराव त्या वेळी मंचाच्या दुसऱ्या टोकाला आपला हार घालायचा सराव करत होते. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. दोन दिवसांनी युनिट गेलं, पेटी वर्ध्याहून आली ती तशीच मुंबईला गेली, आणि शाकिर रोज नमाजानंतर एक जादा दुवा मागू लागला, की या अल्ला, हा पिक्चर पडद्यावर येऊच देऊ नको. पुष्कळ पिक्चर डब्यात पडून राहतात, असं त्यानं ऐकलं होतं.

हा नेमका राहिला नाही. पुढच्या वर्षी कापूस वेचणीला आला तेव्हा पिक्चरही नांदुऱ्याच्या टॉकीजला आला. शंकररावांनी पहिल्या दिवशीचा बाराचा खेळ गावासाठी पुराच्या पुरा घेतला. तीन ट्रॅक्टर-ट्रॉल्या लावल्या, बायांसाठी एक वेगळी. ‘आपले साहेब पडद्यावर’ असा फलक ट्रॅक्टरच्या तोंडाला बांधला. शाकिरनं ताप आल्याचं सांगून पाहिलं.

“मास्टर, तुह्याच कुडत्यात हाव म्या पडद्यावर,” शंकरराव स्वतः गाळ्यासमोर गाडी थांबवून म्हणाले. “तू नाई आला तं कसं जमन? चाल, बस.”

टॉकीजमध्ये शंकरराव पहिल्या रांगेतल्या बिनपाठीच्या बाकावर मधोमध बसले. शाकिर मागच्या खांबाला टेकून. पिक्चर सुरू झाला आणि गाव खूश झालं. आपलं जिनिंग, आपला ढीग, आपली म्हैस सुद्धा दिसली. निवृत्ती उठून “बीटी म्हनून देल्लं” ओरडला तेव्हा एवढ्या शिट्ट्या पडल्या, की पुढचं काही ऐकू आलं नाही. शंकररावांचा हार आला. तो साडेतीन सेकंद होता, पण त्यांच्या माणसांनी दहा सेकंद टाळ्या वाजवल्या.

मग ते आलं. पडदाभर पांढरं कापड. त्यात दोन बोटं शिरली, कापडाची जीभ वर झाली, आडवं तोंड उघडलं, जाडजूड पुडकं आत गेलं आणि कापड पुन्हा सपाट. शाकिरला आपला प्रत्येक टाका ओळखू आला. एवढा मोठा आणि एवढा सरळ टाका त्यानं स्वतःही कधी पाहिला नव्हता. त्या भीतीतही क्षणभर त्याला वाटलं, काम मात्र देखणं झालंय.

टॉकीजमध्ये कुणी हसलं नाही. कुणाला काही कळलंही नसतं. दिग्दर्शक म्हणाला होता ते अगदी खरं होतं. पण पडद्यावर खिसा उघडला आणि पहिल्या रांगेत, पडद्याच्या उजेडात, शंकररावांचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कमरेवर गेला.

मागच्या साऱ्या रांगांनी तो हात पाहिला. शंकररावांच्या शेजारी पांढऱ्या कपड्यातले आणखी पाच जण बसले होते. त्यांचेही पाच हात जागच्या जागी पोचले होते.

सगळ्यात आधी बायांच्या बाजूनं हसू फुटलं. कापूस वेचणाऱ्या पंचफुलाचं ते हसू होतं, आणि ती हसायला लागली की थांबायची नाही. मग जे काही झालं त्यात पिक्चरचा आवाज बुडून गेला. पडद्यावर पोलीस विहीर उपसत होते, मंत्री हात जोडून उभा होता, आणि अख्खं गाव ओरडत होतं, “डाव्या बाजूले पाह्य बे! डाव्या बाजूले!”

बानो परतीला बायांच्या ट्रॉलीत होती. घरी आल्यावर बोलली. “बीस साल से सामने बैठ के बटन टाक रही मैं,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “और ये खिसा मेरे को पिक्चर में मालूम पडा?” मग तिलाही हसू आवरेना. शाकिरला मात्र रडावं की हसावं ते कळेना.

पुढचे पंधरा दिवस गावाची चैन झाली. रामराम करताना लोक एक हात डाव्या कमरेवर ठेवू लागले. पांढऱ्या कपड्यातली माणसं बाजारातून जाताना दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालू लागली. शाकिरच्या दुकानात मात्र एकही कुडता आला नाही. शिवून ठेवलेलेही कुणी न्यायला येईना. निवडणूक दोन महिन्यांवर होती, त्याच्या खऱ्या सुगीचे दिवस, आणि तो मशीनला तेल देत बसला होता.

सोळाव्या दिवशी शंकरराव आले. एकटेच, पायी. हातातली पिशवी त्यांनी मशीनवर ठेवली. आत आठ कुडते होते.

“हे सारे उसव,” ते म्हणाले. “खिसे काढून टाक.”

“हाव साहेब.”

शंकररावांनी दाराबाहेर पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. “अन् उजव्या बाजूनं लाव.”

शाकिरनं मान हलवली. हसू त्यानं जिभेखाली धरलं. गिऱ्हाईक खिसा कुठं मागतं हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. पण शंकरराव निघाले नाहीत.

“आनखी एक काम हाय. येत्या सोमवारी जिनिंगात सभा हाय माही. तू माइकवर येजो. एवढंच सांगजो, का थो खिसा सिनेमावाल्याईच्या डोक्यातला होता. मले त्याईनं जबरदस्ती कराले लावला, साहेबाच्या कपड्याले म्या असा खिसा जिंदगीत लावला नाई. बस. लोक तुह्यावर इश्वास ठेवतात. मंग सारं पहिल्यासारखं. तीस कुडते लागतात मले प्रचाराले, सारे तुह्याकडे.”

समोर बानोची काजं करायची सुई थांबली होती. गाळा शाकिरच्या डोळ्यांसमोर होता, वीस वर्षं चुन्याच्या त्याच भिंती, त्याच खिळ्यावर कात्री. एक वाक्य बोललं की हे सगळं राहत होतं. शंकरराव वाईट माणूस होते असंही नाही. बानोच्या आजारपणात त्यांनी आपली गाडी दिली होती.

“साहेब,” तो शेवटी म्हणाला, “वीस वर्षं मी चूप राह्यलो. आनखी वीस वर्षं चूप राहीन. पोलिसानं इचारलं तरी सांगनार नाई. पन माह्या हातचा टाका माहा नाई, असं मले म्हनता येत नाई.”

“एक खिसा तं हाय बे!”

“हाव साहेब. पन चांगला शिवेल हाय.”

शंकररावांनी आठही कुडते पुन्हा पिशवीत कोंबले. “इदीनंतर गाळा खाली करजो,” ते म्हणाले आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून निघून गेले.

इदीच्या तिसऱ्या दिवशी मशीन हातगाडीवर चढलं. शाकिरचं घर एसटीच्या थांब्यासमोर होतं. पुढं जेमतेम एक ओटा, त्यावर पत्रा. मशीन ओट्यावर बसलं, कात्रीला नवा खिळा ठोकला गेला. पाटी टांगताना बानोनं ती एकदा शाकिरकडून वाचून घेतली. मग चुन्याच्या डब्यात बोट बुडवून ‘पुढाऱ्यांचे’ या शब्दावरून फिरवलं. उरलं ते ‘कपडे खास शिवून मिळतील’. दुकान गेल्याचं दुःख शाकिरला झालं, फार झालं. सकाळी उठून त्याचे पाय दोनदा बाजाराच्या रस्त्याकडं वळले. पण ओट्यावर ऊन चांगलं यायचं आणि सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा, हेही खरं.

आठवडाभर बाजाराच्या पिशव्या, उशांचे अभ्रे असंच काहीबाही शिवणं चाललं. मग एका सकाळी निवृत्ती आला. अंगातला सदरा काढून त्यानं मशीनवर ठेवला आणि उघडाच ओट्यावर बसला.

“थो खिसा लावून दे मले. मंत्र्यावाला.”

शाकिरनं सदरा उलटा केला. आत काय ठेवणार हे विचारायचं नाही, हा त्याचा नियम. पण निवृत्तीला काही विचारावं लागतच नसे.

“बियाण्याच्या पावत्या ठेवाच्या हायेत. तीन पावत्या, अन् एक खाली पाकीट, त्याच्यावर नंबर हाय. बुलढान्याले ग्राहक मंचात तारीख हाय उद्या. मांगच्या तारखेले गाडीच्या गर्दीत अर्धी पावती फाटली, त्याच्या आंधी पान्यानं भिजली. कंपनीचा वकील म्हनते, कागद दाखवा. वरच्या खिशात ठेवतो तं सारं जग हात घालते. तुह्या खिशात पोलिसाले सापडलं नाई, मंग वकिलाचा बाप काय करन?”

शाकिर उठला. घरात जाऊन त्यानं खताच्या पोत्याच्या आतलं पारदर्शक प्लास्टिक शोधून आणलं, धुतलं, पुसलं आणि बेतलं. आजवर त्यानं खिशाला अस्तर कधी लावलं नव्हतं. पुढाऱ्यांच्या वस्तूंना पावसाची भीती नसे, त्या खिशात फार वेळ राहतच नसत. या वेळी त्यानं आतून प्लास्टिक लावलं, तोंडाशी दुहेरी शिवण घातली, जीभ बोटभर लांब ठेवली. आणि पाठ फिरवली नाही. भर ओट्यावर, थांब्यावरच्या चार माणसांदेखत, निवृत्ती आणि बानो दोघांना दाखवत दाखवत शिवलं. बानो हातातलं काम टाकून पाहत राहिली.

“किती झाले?” निवृत्तीनं सदरा अंगात घालत विचारलं.

“खिशाचे मी कधी घेतले नाई बाप्पा.”

दुपारपर्यंत पंचफुला आपलं रेशनकार्ड घेऊन आली. तिच्यामागं आणखी दोघी आल्या. बानोनं तिला विचारलं कशासाठी, तर ती नुसती हसायला लागली, आणि ती एकदा हसायला लागली की थांबायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी आली तेव्हा थांब्यावर झुंबड होती. माणसं कोपरं मारत दारात घुसत होती, आणि त्यात निवृत्ती होता, धुतलेल्या सदऱ्यात. कुणीतरी त्याला मागून रेटलं. त्याचा एक पाय पायरीवर होता, एका हातात दांडा. दुसरा हात आपोआप डाव्या कमरेवर गेला.

मग त्याला ओट्यावरून बघणारा शाकिर दिसला. निवृत्ती तोंडभर हसला आणि खिशावर दोन थापा मारल्या. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी नांदुऱ्याच्या दिशेनं वळेपर्यंत शाकिर उभा राहिला, आणि मग त्यानं खाली बसून पुढचा सदरा उलटा केला.